पवनारचे विनोबा आणि 'समणसुत्तं'

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात संस्थापकांचे, दात्यांचे आणि दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण करण्याची प्रथा आहे, आणि ती उचितच आहे. परंतु याच पन्नास वर्षांच्या आरंभी वर्धा जिल्ह्यातील एका लहानशा गावात अशी एक घटना आकारास आली, की तिचे स्मरण केल्याशिवाय या जिल्ह्यातील जैन समाजाचा कोणताही सुवर्णमहोत्सव पूर्ण होणार नाही. ते गाव म्हणजे धाम नदीच्या काठचे पवनार. ती घटना म्हणजे जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य झालेल्या 'समणसुत्तं' या ग्रंथाची निर्मिती. आणि त्या घटनेस निमित्त झालेले पुरुष जन्माने जैन नव्हते. त्यांचे नाव आचार्य विनोबा भावे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गागोदे या खेड्यात झाला. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक, वडील नरहरपंत शिस्तप्रिय आणि वैज्ञानिक वृत्तीचे. शिक्षण बडोद्यास झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेतच गाडीतून उतरला आणि ब्रह्मजिज्ञासेने काशीस गेला. त्यापूर्वी घरच्या चुलीत त्याने आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली होती. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची आणि गांधीजींची भेट झाली. हिमालयातील शांती आणि बंगालमधील क्रांती या दोहोंची ओढ असलेल्या या तरुणास दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडल्या आणि तो तेथेच राहिला.

वर्ध्याशी त्यांचा संबंध जडला तो शेठ जमनालालजी बजाज यांच्यामुळे. वर्ध्यात सत्याग्रहाश्रम असावा आणि तो विनोबांनी चालवावा, असा जमनालालजींचा आग्रह होता. गांधीजींनी तो मान्य केला आणि ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले. वय पंचवीस वर्षांचे. कोकणच्या डोंगराळ, पावसाळी भूमीत जन्मलेला हा माणूस विदर्भाच्या काळ्या मातीच्या सपाट, उन्हाने रापणाऱ्या मुलखात आला आणि याच मुलखाचा होऊन राहिला. भगवद्गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद 'गीताई' त्यांनी १९३०-३१ मध्ये येथेच लिहिला. गोपुरीच्या गीताई मंदिरात त्यातील श्लोक आज शिळांवर कोरलेले दिसतात. त्या मंदिरास छत नाही आणि आत मूर्तीही नाही.

१९३८ च्या आरंभी विनोबांची प्रकृती फार खालावली होती. गांधीजींनी त्यांना हवापालटासाठी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा आग्रह केला. विनोबांनी निवडले ते वर्ध्यापासून आठ-नऊ किलोमीटरवरचे पवनार. तेथे नदीकाठच्या टेकाडावर जमनालालजींचा बंगला होता. ७ मार्च १९३८ रोजी तेथे जाताना धाम नदीच्या पुलावर त्यांनी मनातील सर्व विचारांचा आणि चिंतांचा संन्यास जाहीर केला. रोज थोडे खणावे, थोडे चालावे आणि चित्त मोकळे ठेवावे, एवढाच त्यांचा उपचार होता. त्या उपचाराने काही महिन्यांत प्रकृती सुधारली. धामच्या पलीकडे म्हणून त्या स्थानास त्यांनी 'परंधाम' हे नाव दिले. तेथे खणताना जमिनीतून जुनी शिल्पे वर आली. त्यांपैकी भरत-राम भेटीचे मानले गेलेले शिल्प आजही आश्रमात पाहावयास मिळते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच पवनारमधून देशाचे पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले आणि कारावास पत्करला. तोपर्यंत देशातील बहुसंख्य लोकांनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते.

जैन श्रोत्यांना या आश्रमाच्या जीवनात अनेक ओळखीच्या खुणा सापडतील. १९५० च्या सुमारास विनोबांनी तेथे 'कांचनमुक्ती'चा प्रयोग आरंभला. पैशाच्या देणग्या घ्यावयाच्या नाहीत, आपल्या श्रमातून अन्न आणि वस्त्र निर्माण करावयाचे, आणि पैशाचे जीवनातील स्थान शक्य तितके पुसून टाकावयाचे, असा तो प्रयोग होता. त्याचबरोबर 'ऋषिशेती'चाही प्रयोग झाला. बैल न जुंपता, मनुष्याने स्वतःच्या हातांनी जमीन खणून पीक घ्यावयाचे. विहिरीवरचा रहाटही आश्रमवासीच फिरवीत. अपरिग्रह आणि अहिंसा ही दोन व्रते ग्रंथात वाचणे सोपे आहे. त्यांना कुदळीच्या आणि रहाटाच्या पातळीवर आणून त्यांची परीक्षा घेणे किती कठीण आहे, हे ज्यांनी चैत्र-वैशाखात वर्ध्याची जमीन पाहिली आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे गावच्या हरिजनांनी ऐंशी एकर जमिनीची मागणी केली आणि सभेतच रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. त्यातून भूदानाची गंगा निघाली. तेरा वर्षे विनोबा देशभर पायी हिंडले. आपले मुनिराज चातुर्मासात विहार थांबवितात. विनोबांची यात्रा पावसातही चालू राहिली. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात घोषित झाली. त्यांपैकी फार मोठा भाग प्रत्यक्ष वाटला गेला नाही, काही जमीन नापीक निघाली, काही कज्ज्यांत अडकली, हेही तितकेच खरे आहे. पुण्यपुरुषाचे स्मरण करताना अपुरे राहिलेले झाकून ठेवण्याचे कारण नाही. देण्याचा संकल्प एका क्षणात होतो. दिलेल्याची व्यवस्था लावण्यास पिढ्या लागतात. कोणत्याही विश्वस्त संस्थेस हा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यात्रेच्या मध्येच, २५ मार्च १९५९ रोजी, पवनार येथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. ब्रह्मचर्यव्रताने राहणाऱ्या भगिनींचा हा समूह. श्रम, स्वाध्याय आणि सामूहिक साधना हे त्याचे स्वरूप. तेथे कोणी अधिकारी नाही, आणि निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होतात. या कल्पनेमागे भगवान महावीरांचे ऋण विनोबा मोकळेपणाने मानीत. स्त्रियांना संन्यासाचा आणि मोक्षसाधनेचा मार्ग महावीरांनी निःशंकपणे मोकळा केला, याचे त्यांना फार अप्रूप होते. भगवंतांच्या संघात चौदा हजार साधू आणि छत्तीस हजार साध्वी होत्या, आणि त्या साध्वीसंघाच्या प्रमुख आर्या चंदना होत्या, असे परंपरा सांगते. जी गोष्ट जैनांच्या घरी अतिपरिचयाने साधी वाटू लागली होती, तिचे मोल बाहेरच्या एका जिज्ञासूने ओळखले आणि पवनारच्या मातीत ते रोप लावले.

आता मुख्य विषयाकडे वळू. विनोबांनी कुराण, ख्रिस्ती धर्मग्रंथ, धम्मपद, जपुजी, संतांचे अभंग अशा अनेक धर्मग्रंथांचे मूळ भाषांतून अध्ययन केले आणि त्यांची सारे काढली. जैन ग्रंथांपाशी आल्यावर मात्र त्यांना एक अडचण जाणवली. वैदिक परंपरेचे सार गीतेच्या सातशे श्लोकांत मिळते, बौद्धांचे धम्मपदात मिळते. जैनांचे आगम विशाल, आचार्यांचे ग्रंथ अगणित, आणि संप्रदाय अनेक. दिगंबरांस जे प्रमाण ते श्वेतांबरांस नाही, मूर्तिपूजकांस जे मान्य ते स्थानकवासी आणि तेरापंथी यांस तसेच मान्य असेल असे नाही. मग सामान्य गृहस्थाने, किंवा जैन धर्म जाणू इच्छिणाऱ्या अन्य धर्मीयाने, कोणता एक ग्रंथ हाती घ्यावा? विनोबांनी जैन विद्वानांस आणि मुनींस अनेक वर्षे पुन्हा पुन्हा विनंती केली, की सर्वांनी मिळून असा एक ग्रंथ सिद्ध करावा. विनंती सर्वांना आवडे. काम मात्र कोणी हाती घेत नसे. कारण उघड होते. गाथा निवडणे कठीण नव्हते. निवडलेल्या गाथांवर सर्वांची संमती मिळविणे कठीण होते.

अखेर ती विनंती ज्यांच्या अंतःकरणास भिडली ते होते पानिपतचे क्षुल्लक जिनेंद्र वर्णी. 'जैनेंद्र सिद्धांत कोश' हा चार खंडांचा महाकोश एकहाती सिद्ध करणारे हे तपस्वी देहाने अत्यंत कृश होते. त्यांनी दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांच्या ग्रंथांतून गाथा निवडल्या आणि 'जैन धर्म सार' या नावाने पहिले संकलन तयार केले. सर्व सेवा संघाने ते छापले आणि त्याच्या प्रती देशभरच्या मुनींस, पंडितांस आणि जिज्ञासूंस अभिप्रायार्थ धाडल्या. सूचना आल्या, आक्षेपही आले. त्यांच्या आधारे दुसरे संकलन झाले, त्याचे नाव 'जिणधम्मं'. तेही अखेरचे ठरले नाही. राधाकृष्णजी बजाज आणि त्यांचे सहकारी या सर्व पत्रव्यवहाराचा आणि भेटीगाठींचा भार वाहत होते.

वर्धा आणि जैन एकतेचा प्रयत्न हे नाते तत्पूर्वीचेही आहे. संप्रदायभेद न मानणाऱ्या भारत जैन महामंडळाचे कार्यकर्ते चिरंजीलालजी बडजाते आणि रिषभदासजी रांका यांनी जमनालालजींच्या सहवासात याच भूमीत काम केले होते. त्यामुळे विनोबांची हाक अगदीच अनोळखी कानांवर पडली नाही.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, २९ आणि ३० नोव्हेंबर १९७४ रोजी, दिल्ली येथे संगीती भरली. धर्मवचनांचा एकत्र बसून, एकत्र म्हणून निर्णय करणे म्हणजे संगीती. आगमांच्या रक्षणासाठी प्राचीन काळी वाचना झाल्या, त्यांनाही दीड हजार वर्षे होऊन गेली होती. दिल्लीच्या या संगीतीस मुनिश्री विद्यानंदजी, मुनिश्री सुशीलकुमारजी, मुनिश्री जनकविजयजी आणि पुढे आचार्य महाप्रज्ञ या नावाने विख्यात झालेले मुनिश्री नथमलजी अशा चारही आम्नायांच्या मुनींचे सान्निध्य लाभले. विद्वान आणि श्रावक मिळून सुमारे तीनशे लोक जमले. चर्चा झाली, मतभेद झाले, गाथा गळाल्या, नव्या आल्या, नावही पुन्हा बदलले. आणि सरतेशेवटी सर्वांच्या संमतीने 'समणसुत्तं' सिद्ध झाले.

या ग्रंथात ७५६ गाथा आहेत, म्हणजे सात वेळा एकशे आठ. चार खंड आहेत : ज्योतिर्मुख, मोक्षमार्ग, तत्त्वदर्शन आणि स्याद्वाद. प्रकरणे चव्वेचाळीस. आरंभ पंचनमस्कार मंत्राने होतो आणि शेवट वीरस्तवनाने. मध्ये कर्म आहे, अपरिग्रह आहे, अहिंसा आहे, अप्रमाद आहे, श्रावकधर्म आणि श्रमणधर्म आहेत, संलेखना आहे. आणि अनेकांत, नय, स्याद्वाद यांच्याबरोबर 'समन्वय' या नावाचेही एक स्वतंत्र प्रकरण आहे. मूळ प्राकृत गाथा, पंडित बेचरदासजी दोशी यांची संस्कृत छाया आणि पंडित कैलाशचंद्रजी शास्त्री व मुनिश्री नथमलजी यांचा हिंदी अनुवाद असा हा ग्रंथ १९७५ साली सर्व सेवा संघाने प्रसिद्ध केला. आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांनी 'जैन गीता' या नावाने त्याचा हिंदी पद्यानुवाद केला.

विनोबांनी या कार्याचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. ते स्वतःला केवळ निमित्त मानीत आणि संमती हा भगवान महावीरांचाच कृपाप्रसाद समजत. आपल्या आयुष्यातील हे बहुधा सर्वोत्तम समाधान, असे त्यांनी त्या प्रसंगी लिहिले. गीतेचा अपवाद सोडल्यास आपल्या चित्तावर महावीरांहून अधिक प्रभाव कोणाचाही नाही, हेही त्यांनी मान्य केले. त्याचे जे कारण त्यांनी दिले ते मनन करण्यासारखे आहे. सत्याचा आग्रह धरणारे सत्याग्रही पुष्कळ भेटतात. महावीरांनी सत्यग्राही व्हावयास शिकविले. प्रत्येक माणसापाशी सत्याचा काही अंश असतो, तो ग्रहण करणारा तो सत्यग्राही. गांधीजींच्या पहिल्या वैयक्तिक सत्याग्रहीने वयाच्या ऐंशीव्या वर्षी हे म्हणावे, यात अनेकांताची केवढी साधना आहे!

२५ डिसेंबर १९७४ रोजी विनोबांनी एक वर्षाचे मौन स्वीकारले. त्याच वर्षात देशात आणीबाणी आली. मौनातील त्यांनी लिहून दाखविलेल्या 'अनुशासन पर्व' या शब्दांवरून फार मोठा वाद झाला. सर्वोदय परिवारातही दोन तट पडले, आणि जयप्रकाशजींना मानणारी मंडळी दुखावली. या वादाचा निकाल येथे लावण्याचे प्रयोजन नाही; परंतु सर्वसंमतीचा ध्यास घेतलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या परिवारात संमती टिकली नाही, ही वेदना त्या चरित्राचाच भाग आहे. जीवदयेचा प्रश्न मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. गोवंशरक्षणासाठी एप्रिल १९७९ मध्ये त्यांनी उपवास केला, आणि त्यांच्याच प्रेरणेने ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यापुढे सौम्य सत्याग्रह सुरू झाला.

आता त्या अखेरच्या दिवसांकडे. ५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार झाले, प्रकृतीस काहीसा उतार पडू लागला. ८ नोव्हेंबरपासून मात्र त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. डॉक्टरांनी, सहकाऱ्यांनी, देशभरातून आलेल्या वडीलधाऱ्यांनी विनविले. त्यांनी शांतपणे नकार दिला. 'रामहरि' हा जप चालू राहिला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांनी देह ठेवला. ती दीपावलीची अमावास्या होती. म्हणजे भगवान महावीरांचा निर्वाणदिन. ज्या दिवशी पहाटे जिनमंदिरांत निर्वाणलाडू अर्पण होतो, त्याच दिवशी सकाळी पवनारचे हे साधक गेले. धामच्या काठी त्यांना अग्नी देण्यात आला, आणि तो आश्रमाच्या भगिनींच्या हातून.

हे मरण जैन परिभाषेतील संलेखना होते काय? शास्त्राच्या काटेकोर अर्थाने तसे म्हणता येणार नाही. संलेखनेस गुरूची अनुज्ञा, क्रमाक्रमाने केलेला आहारत्याग आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कषायांचे कृशीकरण लागते. विनोबांनी जैन दीक्षा घेतली नव्हती. परंतु सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य, देहाचे कार्य संपले ही जाणीव, जीविताची आशा नाही आणि मरणाची घाईही नाही, आणि चित्त नामात स्थिर, ही लक्षणे पाहता अनेक जैन मुनींस आणि श्रावकांस त्यात आपल्याच परंपरेचे दर्शन घडले. पुढे १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा दंडनीय ठरविला, देशभरचा जैन समाज रस्त्यावर उतरला, आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. तेव्हा अनेकांना पवनारची ती सकाळ आठवली. त्या आंदोलनात दिगंबर आणि श्वेतांबर खांद्यास खांदा लावून उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिच्यात एक प्रश्नही दडलेला आहे. बाहेरून आघात झाला म्हणजे समाज एक होतो. आघात नसताना तो एक का होऊ नये?

याचे उत्तर देण्याची सोय १९७४ सालीच झालेली आहे. चारही आम्नायांच्या संमतीचा ग्रंथ हाताशी आहे. तीर्थक्षेत्रांच्या हक्कांवरून न्यायालयांत वर्षानुवर्षे खटले चालतात. संवत्सरीच्या तिथीवरून एकाच गावात दोन दिवस पर्व साजरे होते. लहान गावांत दहा-वीस घरांच्या जैन वस्तीतही कधी कधी दोन तट पडतात. आणि ज्या ग्रंथावर सर्वांचे एकमत झाले, तो ग्रंथ किती घरांत आहे, किती पाठशाळांत शिकविला जातो, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या घरच्या कपाटापाशी उभे राहून स्वतःला विचारावा. भगवान महावीरांच्या निर्वाणास आता २५५० वर्षेही होऊन गेली आणि 'समणसुत्तं'चाही सुवर्णमहोत्सव झाला. मिरवणूक मात्र कोणी काढली नाही.

विनोबा जैन समाजाचे ना आचार्य होते, ना पुढारी, ना दाते. त्यांनी या समाजास धन दिले नाही, जागा दिली नाही. त्यांनी केवळ एक मागणी केली, आणि ती पुरी होईपर्यंत चिकाटीने करीत राहिले. काही माणसे समाजास देऊन मोठे करतात, काही माणसे समाजाकडे मागून मोठे करतात. भूदानात त्यांनी जमीनदारांकडे जमीन मागितली, जैनांकडे एकवाक्यता मागितली. जमिनीचे दान पुष्कळसे कागदावरच राहिले. एकवाक्यतेचे हे दान तसेच कागदावर राहू द्यावयाचे की नाही, हे आता जैन समाजाच्या हाती आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या संस्थेच्या स्वाध्याय मंडळात रोज केवळ दोन गाथांचे वाचन आरंभिले, तर सुमारे तेरा महिन्यांत ७५६ गाथा पूर्ण होतात. त्यास निधी लागत नाही, इमारत लागत नाही, ठरावही लागत नाही. एक दिवा, एक ग्रंथ आणि शेजारी बसलेला दुसऱ्या आम्नायाचा एक साधर्मी बंधू, एवढे असले म्हणजे पुरे. वर्ध्याहून पवनार फार दूर नाही. धामच्या काठी बसून ज्यांनी ही आस धरली, त्यांचे याहून उचित स्मरण दुसरे कोणते असू शकेल?

जय जिनेंद्र! जय जगत्!